शिकाऊ परवाना

विनायक गेल्याचं नलूवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी खाली फाटकाशी पाण्याच्या टँकरची वाट बघत उभा होतो. पनवेलजवळ विचुंब्यातल्या आमच्या इमारतीला एका इटालियन शहराचं नाव दिलेलं आहे, पाणी मात्र टँकरनंच येतं. "भावोजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. "चहा ठेवून हाक मारली, तर खुर्चीतच होते…" मी काहीतरी बोललो असेन. मग त्या म्हणाल्या, "आज मंगळवार. परवा ती येईल. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." ती म्हणजे हिराबाई, उरणजवळच्या कोळीवाड्यातली एक बाई. गेली अडीच वर्षं ती दर गुरुवारी दुपारी चार वाजता खांदा कॉलनीत विनायकच्या घरी यायची, त्याच्यासमोर स्टुलावर बसायची आणि आपला नवरा गोवा रस्त्यावर कसा पडला होता ते त्याच्या तोंडून ऐकायची. ते सांगणारा माणूस आता उरला नव्हता. निदान तिच्या माहितीप्रमाणे.

विनायक माझा शाळेपासूनचा मित्र. पुढे मी इथल्याच एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो आणि तो टेलिफोन खात्यात चिकटला. सुरुवातीची बरीच वर्षं तो ट्रंक कॉल जोडायचा. लोकांचे जन्म, मरणं, लग्नं, भांडणं त्याच्या कानावरून जायची आणि संध्याकाळी तळ्याकाठी ती आमच्या कानावर पडायची, नावं बदलून. हळूहळू दुसऱ्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगायची त्याला सवयच लागली. साडूच्या वरातीतला घोडा उधळून थेट तळ्यात शिरला होता. ही हकिकत विनायक आपल्या वरातीतली म्हणून इतकी वर्षं सांगत राहिला की शेवटी साडूनंच ती सांगायचं सोडून दिलं. विनायक लग्नाला रिक्षानं गेला होता. आम्हाला हे माहीत होतं आणि आम्ही ते चालवून घेत होतो, कारण मूळ मालकापेक्षा त्याच्याकडे गोष्ट जास्त सुखात राहायची. त्यात वाईट हेतू नसायचा. कुणाच्या अंगावर चांगला शर्ट दिसला की एखाद्याला तो आपल्यालाही बरा दिसेल असं वाटतं, तितकंच ते.

निवृत्तीनंतर भाच्यानं त्याला फेसबुकवर खातं उघडून दिलं. पहिले सहा महिने त्यानं गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यांच्यावर काढले. मग एके दिवशी, बहुधा फुलं संपल्यामुळे, त्यानं लिहिलं की आपण मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालो होतो आणि वडिलांना मार्कशीट हरवल्याचं सांगितलं होतं. हे खरं होतं. त्याखाली माणसं जमली. कुणी लिहिलं, काका, किती प्रांजळ आहात. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून फोन केल्यासारखं झालं असावं. त्याच्यासारख्यांचा एक ग्रुप निघाला. दर गुरुवारी प्रत्येकानं आपली एक चूक कबूल करायची असा तिथला नेम होता. बाकीची मंडळी कबुली देताना जरा अंग चोरत, विनायक चोरत नसे. वर्षाच्या आत त्या ग्रुपनं एका हॉलमध्ये त्याचा प्रामाणिकपणाबद्दल सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. बाहेर त्याचा फ्लेक्स लागला होता. त्यात तो हनुवटीखाली मूठ धरून दूर कुठेतरी बघत होता. तो फोटो काढायला तो स्टुडिओत तीन वेळा गेला होता. "नैसर्गिक येत नव्हता," असं त्यानं मला सांगितलं.

पण साध्या माणसाची अडचण अशी की त्याच्याकडच्या चुका लवकर संपतात. विनायकच्या तर दिवाळीपर्यंत संपल्या. मग तो इतरांच्या वापरू लागला. लाच घेतल्याची कबुली आली. ती त्याच्या साहेबाची होती. मोडलेल्या प्रेमाची आली. तेव्हा नलूवहिनी चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "त्या मुलीला मी पाहिलंय भावोजी. प्रेम मोडायला तिनं आधी यांच्याकडे बघायला तर हवं होतं." आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो. माझी एक गोष्ट त्याच्याकडे ठेवलेली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

ती गोष्ट अशी. २००७च्या एप्रिलमधली एक दुपार. मी पेणहून दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन पनवेलला येत होतो. गाडी जुनीच घेतली होती, पण तिला नवा एसी बसवला होता आणि त्याच्या कौतुकात मी काचा बंद ठेवल्या होत्या. पळस्प्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक माणूस पडला होता, शेजारी स्कूटर. त्याला उडवणारी गाडी निघून गेली होती. एक गोणी फाटली होती आणि तिच्यातून पितळेचं काहीतरी बाहेर येऊन उन्हात चमकत होतं, मोठ्या तीन पाकळ्यांच्या फुलासारखं. माणसानं हात वर केला. एसटीला करतात तसा. त्याचे ओठ हलले. मी गाडी हळू केली, मागच्या सीटवरचे गठ्ठे आठवले, पोलीस, जबाब, खेटे, सगळं आठवलं आणि मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या. माणूस मेला होता. त्या वर्षी निबंधाला एक विषय होता, मी पाहिलेला अपघात. पुढचे पंधरा दिवस मी ते निबंध तपासले. सगळ्या मुलांनी गाडी थांबवली होती, जखमीच्या तोंडात पाणी घातलं होतं आणि त्याला दवाखान्यात पोचवलं होतं. एकाही मुलाचा माणूस मेला नव्हता. मी सढळ हातानं मार्क दिले. महिन्याभरानं तळ्याकाठी मी हे विनायकला सांगितलं, एकट्या त्यालाच. त्यानं फक्त दाणे पुढे केले.

सात वर्षांनी एका गुरुवारी मी त्याची कबुली वाचली. गोवा रस्ता, एप्रिलचं ऊन, बंद काचा, वर गेलेला हात. "पितळी फूल" हा शब्द त्यानं माझ्यापेक्षा चांगल्या जागी वापरला होता. खाली माणसं शेकड्यांनी जमून त्याच्या धैर्याला नमस्कार करत होती. मी रिक्षा करून खांदा कॉलनी गाठली. तो मोबाइल हातात घेऊन बसला होता, तोंडावर तेज.

"विनायक, ते माझं आहे."

"हो रे," तो म्हणाला. "पण तू वापरत नव्हतास."

तो समजावणीच्या सुरात पुढे म्हणाला, "सात वर्षं तुझ्याकडे नुसतं पडून होतं, मास्तर. आता बघ, या एकानं लिहिलंय, यापुढे मी थांबेन. झाला की नाही उपयोग?" मी म्हटलं, काढून टाक. तर म्हणाला, "काढतो. पण खाली तू लिही मग, की गाडी विनायककाकांची नव्हती, माझी होती." टोमणा नव्हता तो. त्याला ती खरोखरच सरळ वाट वाटली होती. मी चहा घेतला आणि घरी आलो. मजकूर राहिला.

पुढच्या आठवड्यात त्या मजकुराखाली एक प्रश्न आला. विचारणाऱ्याच्या नावापुढे चेहरा नव्हता, वाळूत ओढून ठेवलेल्या होडीचं चित्र होतं. पितळी फूल माणसाच्या डोक्याकडे पडलं होतं की पायाकडे? एवढंच. नमस्कार नाही, हात जोडलेलं चित्र नाही. विनायकनं मला फोन करून विचारलं. मी सांगितलं, पायाकडे. त्यानं ते लिहिलं. पुढच्या गुरुवारी दुसरा प्रश्न आला, गोणी कसल्या रंगाची होती. मी सांगितलं, पिवळी. मग, तो उताणा होता की कुशीवर. आता या प्रश्नांची आम्हा दोघांनाही वाट बघायची सवय लागली. गुरुवार जवळ आला की विनायक चिडचिडा व्हायचा आणि मला जेवण जायचं नाही. तो एका शब्दानं संपवू शकला असता, सांगू शकला असता की हे मी रचलंय. पण प्रामाणिकपणासाठी मिळालेलं स्मृतिचिन्ह समोरच्या फळीवर होतं. आणि एका शब्दानं मीही संपवू शकलो असतो. चौथ्या गुरुवारी प्रश्न आला, तुमी राहता कुटं?

ती आली तेव्हा मी तिथेच होतो. पन्नाशीची, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली, हातात मोबाइल. दारातच म्हणाली, "मी हिराबाई. ते फूल नाय. ते होडीचा पंखा हाय. पेनला दुरुस्तीला नेलेला." मग आत येऊन तिनं खुर्ची नाकारली आणि स्टूल ओढलं. नवरा मच्छीमार होता. पोलिसांना स्कूटर मिळाली, गोणी मिळाली, पंखा मिळाला नाही, मधल्या वेळात कुणीतरी उचलला असणार. तो पंखा पेपरात आला नाही, जबाबात आला नाही. घरच्यांखेरीज तो फक्त त्या रस्त्यावरून गेलेल्या माणसालाच ठाऊक असणार होता. मुलीच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली ती कबुली आली, मुलीनं वाचून दाखवली आणि हिराबाईनं पंखा ओळखला.

"जिवंत होता ना?" तिनं विचारलं.

विनायकनं माझ्याकडे बघितलं. मी फळीकडे बघत होतो.

"होते," तो म्हणाला. "हात वर केला त्यांनी."

"काय बोलला?"

मला वाटलं, आता हा काहीतरी देईल तिला. तिचं नाव घेतलं म्हणेल, मुलीचं घेतलं म्हणेल. विनायकला ते सहज जमलं असतं आणि त्या बाईला कदाचित हवंही असेल. पण तो म्हणाला, "ओठ हलले. काचा बंद होत्या. ऐकू आलं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या गोष्टीत भर घातली नाही.

"मंग थांबला का नाय?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

ते मी त्याला कधी सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, टेंपोवाल्यानं आणला तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता, असं डॉक्टर बोलला. मग उठली. विनायकनं पोलिसांचं काही विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "पोलिसात नाय जायाचं मला. पैसं पन नको. आयकायचं हाय फकस्त. येते पुढच्या गुरवारी." आणि ती आली. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आली. स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "सांगा."

विनायकचं लिहिणं थांबलं. ग्रुपवाल्यांना वाटलं, सत्कारानं डोक्यात हवा गेली. मजकूर काढू का असं त्यानं हिराबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे. लोक वाचूं दे." त्याचं वजन उतरलं. बुधवारी तो माझ्याकडे येऊन एकेक तपशील पुन्हा विचारून जायचा, जसा परीक्षेच्या आदल्या दिवशी ढ मुलगा येतो. एकदा बसनं पळस्प्याला जाऊन ती जागा बघून आला. "रस्ता रुंद केलाय. झाडं गेली. तू कधी गेला होतास परत?" मी म्हटलं, माझं तिकडे काम पडत नाही. त्याच सुमाराला नलूवहिनी चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या, "भावोजी, यांना तर सायकलसुद्धा धड येत नाही. त्या वर्षी आपल्या ओळखीत गाडी होती तरी कुणाकडे?" मी म्हणालो, आठवत नाही. त्यांनी कप माझ्या हातात दिला. चहात साखर होती. मी साखर घेत नाही हे त्यांना तीस वर्षं माहीत आहे.

मग चौसष्टाव्या वर्षी विनायकनं मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. खांदा कॉलनीत लोकांनी त्याची थट्टा केली, काकांना म्हातारपणी हौस आलीय म्हणून. मला खरं कारण त्यानं सांगितलं. "ती विचारते, ब्रेक मारला होता का? मी म्हणतो, हळू केली. ती म्हणते, हळू म्हंजे कशी? आता गाडी हळू कशी करतात हे मला ठाऊक असायला नको?" शिकाऊ परवान्यासाठी कचेरीत गेला तर तिथल्या माणसानं समोर बसा म्हणायच्या आतच फोटो काढला. त्या फोटोत त्याचे डोळे जरा जास्त उघडे आहेत, तोंड किंचित उघडं आहे, काहीतरी विचारायला निघालेल्या माणसासारखं. इतका वाईट फोटो त्यानं आयुष्यात कधी बाहेर येऊ दिला नव्हता. तीन आठवडे तो ती एल लावलेली गाडी घेऊन कॉलनीभोवती फिरला, कुत्र्यामांजरांना सलाम ठोकावा तसा प्रत्येक वळणावर थांबत.

आमची शेवटची भेट त्यानंतरची. तो विचुंब्याला आला होता, जिने चढून दमला होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, एक शंका आहे. गाडी हळू करून परत वेग घ्यायचा तर गिअर खाली आणावा लागतो. मग पुन्हा वर. हो ना?" मी म्हटलं, हो. "तू सगळं सांगितलंस. पंखा, गोणी, ओठ. गिअर कधी सांगितला नाहीस." मी म्हटलं, इतक्या वर्षांनी गिअर कुणाच्या लक्षात राहतो. त्यानं मान हलवली. "ते पण खरंच," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला, त्या परवान्यावरच्या फोटोत बघतो तसाच… मी डोक्यावरच्या पंख्याचा वेग वाढवला. आठ दिवसांनी तो गेला.

त्या गुरुवारी हिराबाई चार वाजता आलीच. दारातल्या चपला बघून थबकली. "कदी?" तिनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी." ती तिथेच भिंतीला टेकून बसली. मी भाड्यानं आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतो. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आता कोन सांगनार?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पुढची खुर्ची उचलली.

तेराव्यानंतर वहिनींनी भिंतीवर फोटो लावला. मला वाटलं होतं, हनुवटीखाली मूठ असलेला असेल. त्यांनी परवान्यावरचा मोठा करून घेतला होता, कडेला सरकारी शिक्क्याची अर्धी कमान तशीच ठेवून. स्मृतिचिन्ह फळीवर दिसलं नाही. त्या गुरुवारी त्यांनी मला तीनलाच बोलावलं. स्टूल जागेवर होतं, समोर विनायकची वेताची खुर्ची. "तिथे बसा, भावोजी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चार वाजता हिराबाई आली, माझ्यासमोर बसली, तिनं एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "सांगा."

"गाडी पांढरी होती," मी सुरुवात केली.

"कोनाची?"

वहिनी नंतर म्हणाल्या, अडीच वर्षांत हा प्रश्न तिनं विनायकला एकदाही विचारला नव्हता.

"माझी," मी म्हणालो.

तिनं स्टूल वीतभर पुढे घेतलं. मग म्हणाली, "मंग आता पयल्यापासून सांगा."

या लेखासोबत माझा फोटो छापू नये असं मी पुरवणीच्या संपादकांना कळवलं आहे. तेवढ्यानं काही होतं असं नाही. छापील कबुलीतही माणूस हनुवटीखाली मूठ धरूनच बसतो, हे मी जवळून पाहिलं आहे. आता दर गुरुवारी दुपारी मी त्या वेताच्या खुर्चीत बसतो. विनायकच्या पाठीनं वेत मधोमध खोलगट झाला आहे, त्यात माझी पाठ नीट बसत नाही. हिराबाई घाई करत नाही. एका दुपारी ती फक्त गोणीपर्यंत येते, पुढच्या दुपारी वर गेलेल्या हातापर्यंत. ब्रेकचा प्रश्न तिनं मला अजून विचारलेला नाही. पण तो येणार आहे, आणि समोरच्या भिंतीवर डोळे जरा जास्त उघडे असलेला एक शिकाऊ ड्रायव्हरही त्याचीच वाट बघतो आहे. वर मी लिहिलं आहे की मी गाडी हळू केली. विनायकलाही मी तेच सांगितलं होतं, आणि त्यानं ते अडीच वर्षं तिला शब्दाला शब्द सांगितलं. मी गिअर बदलला नव्हता.